चादरीवरचं डिफरन्शियल

माझ्या मामाला अख्खी गल्ली 'सावकाश' म्हणते. तोंडावर म्हणते, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. वाटायलाही त्याला वेळ लागत असेल, असं माझं मत आहे. चहाचा कप हातात आला की आधी तो कपाकडे बघणार, मग चहाकडे, मग खिडकीबाहेर, आणि तोवर चहावर साय धरलेली असणार. एखादं गिऱ्हाईक धापा टाकत आलं आणि "मामा, जरा बघा ना, मला अकराला पोचायचंय" म्हणालं, की मामा हात पुसत पुसत विचारतो, "कुठल्या दिवशी अकराला?"

मी त्याची भाची, आणि स्वभावाने नेमकी उलटी. मला दूध तापेपर्यंत धीर निघत नाही. समोरचा माणूस वाक्य पूर्ण करेपर्यंत गप्प बसणं तर मला जन्मात जमलेलं नाही. आणि नशिबाने माझी गाठ घालून दिली ती या माणसाच्या गॅरेजशी. गेली बारा वर्षं फोन घेणं, सुटे भाग मागवणं आणि लोकांना "आज नाही, उद्या" हे गोड आवाजात सांगणं ही माझी कामं. यातलं तिसरं मला झोपेतही करता येईल.

गॅरेज तळमजल्यावर, मामाचं घर वर, आणि मधे एक लोखंडी जिना. आत दोन गाड्या मावतात. भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. मामाची कामाची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. मोठं काही उघडायचं झालं की आधी तो जमिनीवर पलंगावरची चादर अंथरतो. मग निघालेला प्रत्येक भाग त्या चादरीवर क्रमाने मांडतो. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे, आधी निघालेला खाली, नंतरचा वर. जोडायची वेळ आली की चादरीकडे बघत त्याच वाटेने उलटा परत जातो. वहीत काही लिहीत नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, मोबाइलवर फोटो काढून ठेवू का?" तर म्हणाला, "फोटोत वजन दिसत नाही." चादर ओलांडायची सगळ्यांना बंदी आहे. मी एकदा घाईत ओलांडली होती, तेव्हा तो ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला, तेही सावकाश. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

या चादरी येतात मामीच्या कपाटातून, आणि तिथूनच घरातली निम्मी भांडणं सुरू होतात. मामी नर्स होती, चौतीस वर्षं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी गल्लीत तिला सगळे 'सिस्टर'च म्हणतात. डाग पडलेली चादर बघितली की तिच्या अंगावर काटा येतो. आणि चादर बदलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पेशंट झोपलेला असावा, त्याला तिने अलगद एका कुशीवर करावं, अर्धी चादर गुंडाळावी, नवी अर्धी सरकवावी, त्याला दुसऱ्या कुशीवर घ्यावं, आणि त्याचा डोळाही उघडू नये. मला एकदा ताप आला होता तेव्हा तिने माझ्याखालची चादर अशीच बदलली. सकाळी उठून बघते तर निळी चादर पिवळी झालेली!

तिची स्वतःची झोप मात्र रात्रपाळ्यांनी पार पातळ करून टाकली आहे. गाडीत तर तिचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नाही. कुठल्याही गाडीत बसली की पाच मिनिटांत, "अहो, खालून काहीतरी वाजतंय." मामा म्हणतो, "वाजतंय ते वाजू दे, ते तसंच वाजायला हवं." मग पुढचा रस्ताभर दोघं त्या आवाजावर बोलत असतात.

मामी निवृत्त झाली त्या संध्याकाळी तिने मामाला सरळ सांगितलं होतं, "अहो, आता तुम्हीही पुरे करा. गुडघे बघा तुमचे. माझ्या ताईच्या घराशेजारी, तळ्याकाठी, दोन खोल्या रिकाम्या आहेत. तिथे राहू." मामाने चहा संपवला, कप विसळला, पालथा घातला, आणि मग म्हणाला, "छत्तीस वर्षांत माझ्या हातची गाडी त्याच दुखण्यासाठी परत आलेली नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी पाना खुंटीला टांगतो आणि तू म्हणशील तिथे येतो. शब्द दिला."

मामीने लक्षात ठेवायचं ते ठेवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो जिना चढून वर आला की तिचा एकच प्रश्न, "आली का एखादी परत?" मामाचं एकच उत्तर, "नाही." मग दोघं जेवायला बसायची. दोन वर्षं हे असं चाललं होतं.

आणि मग ती लाल गाडी आली.

गाडी होती आमच्या मागच्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, दवाखान्यात अगदी हळुवार. सुट्टीच्या दिवशी मात्र डोंगरातल्या वळणांवर अशी गाडी पळवतात, की त्यांच्या पेशंटांनी बघितलं तर पुढच्या वेळी तोंड उघडणार नाहीत. स्पोर्ट्स कार, जमिनीला टेकलेली, आणि चारही चाकांना जोर मिळणारी. पुढून एक घोंघाट येत होता. वेग वाढला की तो चढायचा, पाय काढला की उतरायचा. कंपनीच्या वर्कशॉपने बघून सांगितलं होतं, पुढचं डिफरन्शियल गेलं, अख्खं नवीन टाकायचं, परदेशातून यायला तीन महिने.

डिफरन्शियल म्हणजे काय हे मला मामाने पहिल्याच वर्षी समजावलं होतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्याला करकचून बांधलं तर ती भांडतील. म्हणून दोघांच्या मधे दातेरी चाकांचा एक डबा बसवतात, जो दोघांचं ऐकून घेतो आणि गाडी पुढे नेतो. आमच्या घरात ते काम मी करते. या गाडीला असे डबे दोन, एक पुढे आणि एक मागे.

मामाने गाडी फिरवून आणली आणि सगळ्यात आधी बघितलं काय, तर टायर. पुढचा डावा टायर त्या मानाने नवा, उजवा पार झिजलेला.

"बाई, हा एकटाच कधी बदललात?"

"वर्ष झालं. फाटला होता तो. बाकीचे चांगले होते की!"

"एका पायात नवा बूट आणि दुसऱ्या पायात झिजलेली चप्पल घालून वर्षभर चालून बघा, कंबर कुठे जाते ते कळेल. एक चाक मोठं, एक लहान, म्हणजे सरळ रस्त्यावरही बिचारं डिफरन्शियल वळणावर असल्यासारखं राबत राहिलं. तेल जळलं, बेअरिंग गेली."

बाई चक्क ओशाळल्या. पेशंटांना 'दिवसातून दोनदा घासा' म्हणून दटावणारी बाई स्वतः बोलणी खाताना बघून मला फार बरं वाटलं.

"अख्खं बदलावं लागेल का?" त्यांनी विचारलं.

"उघडल्याशिवाय कसं सांगू? तुम्ही तोंड न बघता दात उपटता का?"

उघडायला मामाने दोन दिवस घेतले. निळ्या पट्ट्यांची चादर अंथरली, डबा खाली उतरवला, खोलला, मांडला. बेअरिंग खलास, आतली छोटी दातेरी चाकं झिजलेली, पण मुख्य जोडी, म्हणजे मोठं चाक आणि त्याला फिरवणारं छोटं, शाबूत. "ही जोडी वाचली," मामा म्हणाला, "म्हणजे बाकीचं हातातलं काम." बेअरिंग आणि छोटी चाकं मी फोनवर फोन करून चार दिवसांत मिळवली. दोन दिवसांत मिळाली असती, पण पलीकडचा माणूस मामासारखाच होता.

खरी कसोटी जुळवणीची. त्या मोठ्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पातळ गोल चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. एका बाजूची थोडी जाड, दुसऱ्या बाजूची थोडी पातळ. त्या फरकानेच ठरतं, की मोठं चाक छोट्याच्या किती जवळ बसणार. जवळ गेलं तर दात घासणार, लांब राहिलं तर घोंघावणार. फरक केसाएवढा. मामाने घड्याळासारखं काट्याचं माप लावलं, चाक हलवून मोजलं, शिम बदलली, पुन्हा मोजलं. मग दातांना पिवळा रंग फासला आणि चाक हाताने फिरवलं. जिथे दात दाताला लागतो तिथला रंग पुसला जातो, आणि त्या डागावरून कळतं की बैठक बरोबर आहे की नाही.

हे चालू असताना डॉक्टरीणबाई जेवणाच्या सुट्टीत डोकावल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"अहो मामा, हे तर माझंच काम! मी नवीन दात बसवला की निळा कागद चावायला देते. जिथे जास्त डाग, तिथे दात उंच."

"मग सांगा, हा चावा कसा आहे?" मामाने विचारलं.

बाईंनी पर्समधून त्यांचा भिंगाचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, मांडी घालून जमिनीवर बसल्या आणि एकेक दात बघत गेल्या. "जरा बाहेरच्या टोकाकडे आहे. मधे हवा ना?" मामाने असं डोळे विस्फारून बघितलं जणू त्याला अडतीस वर्षांनी बरोबरीचं माणूस भेटलं. आणखी दोनदा शिम बदलल्या. तिसऱ्यांदा डाग दाताच्या बरोबर मधोमध आला. बाई म्हणाल्या, "आता पेशंटने घरी जायला हरकत नाही."

फक्त रंग धुवायचा राहिला होता. त्यासाठी डबा एकदा परत खोलावा लागतो. मामाने खोलला, भाग धुतले, चादरीवर आपापल्या जागी ठेवले आणि जेवायला वर गेला. मी तेलाचं सील आणायला बाहेर. तासाभराने परत आले तेव्हा मामा जोडत बसला होता. एकदा जुळवून झालेलं होतं, त्याच शिम त्याच जागी, म्हणून त्याने नुसतं जोडलं, पुन्हा माप लावलं नाही. चारही टायर नवे आले, लाल गाडी गेली. बाईंनी जाताना भोंगा वाजवला, आणि मामी संध्याकाळी म्हणाली, "आली का एखादी परत?"

सोळाव्या दिवशी आली.

गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधीच मी आवाज ओळखला. तोच घोंघाट, थोडा वेगळ्या सुरात. बाई उतरल्या आणि माझ्याच मनाचे खेळ असतील वगैरे काहीबाही बोलायला लागल्या. मामाने किल्ली घेतली, एक चक्कर मारून आला, गाडी बंद केली. भिंतीवरून सगळ्यात मोठा पाना काढला, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "आली परत."

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर मामी उभी होती, तिलाही कळलं.

मला वाटलं, आता ही म्हणेल 'बरं झालं.' दोन वर्षं रोज संध्याकाळी ज्याची वाट बघितली ते तिच्या दारात येऊन उभं राहिलं होतं. पण ती वळली आणि वर गेली. त्या रात्री जेवताना कुणी काही विचारलं नाही. मला मामीचा राग आला होता, कारण मला वाटलं तिने आनंद गिळलाय. मामाचाही राग आला होता, कारण असले शब्द कशाला द्यायचे माणसाने? अडतीस वर्षं एका जागी उभं राहिलेल्या माणसाला तळ्याकाठी खुर्चीत बसवलं तर तो आठ दिवसांत त्या खुर्चीचे स्क्रू उघडून चादरीवर मांडेल. दुसरं काय करणार तो?

"एवढी दुरुस्त करतो आणि थांबतो," मामा दुसऱ्या दिवशी म्हणाला. चादर अंथरली, डबा उतरवला. या वेळी खोलायच्या आधी काट्याचं माप लावलं. दातांमधली फट हवी त्याच्या दुप्पट निघाली. त्याने दोन्ही शिम काढल्या, एक एका तळहातावर, दुसरी दुसऱ्या तळहातावर, आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग मायक्रोमीटर लावून दोन्हींची जाडी मोजली.

"काय झालं?" मी विचारलं.

"डावी उजवीकडे गेली, उजवी डावीकडे."

"तू? तुझ्याकडून असं होईल?"

"झालं. जोडून झाल्यावर मोजायला हवं होतं, मोजलं नाही. माझी चूक." आणि दोन्ही शिम त्याने इतक्या हळुवारपणे चादरीवर ठेवल्या, की मला ओरडावंसं वाटत होतं ते ओरडता येईना.

जिना वाजला. मामी खाली आली. पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक. ड्युटीवर काही वाईट सांगायचं असलं की ती अशीच उभी राहत असणार, दोन्ही हात समोर जुळवून.

"चूक यांची नाही," ती माझ्याकडे बघून म्हणाली, मामाकडे बघणं तिला जमत नव्हतं. "त्या दिवशी हे जेवून आडवे झाले होते. मी खाली आले तर चादर तेलाने नुसती भिजलेली. ते चाक त्या घाणीत पडलेलं मला बघवेना. म्हणून बदलली."

"काय बदललंस?"

"चादर. पेशंटखालची बदलतो तशीच. आधी एका बाजूचं सगळं अलगद मधे घेतलं, अर्धी सरकवली, मग दुसऱ्या बाजूचं. सगळं जिथल्या तिथे ठेवलं गं. फक्त त्या दोन चकत्या घसरून एकत्र आल्या. जाड कुठली आणि पातळ कुठली ते माझ्या लक्षात होतं. जाड डावीकडे होती. पण चौतीस वर्षं मी पेशंटकडे तोंड करून उभी राहिले. त्याची डावी बाजू माझ्या उजव्या हाताला. हात आपोआप तिकडेच गेला. काल गाडी आली आणि मला एकदम आठवलं. रात्रभर झोप नाही."

मी म्हटलं, "मामी, मग काल का नाही बोललीस?"

"काल बोलायला हवं होतं. वॉर्डात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, चूक झाली तर त्याच मिनिटाला सांगा. काल एक रात्र मी तळ्याचा विचार केला." तिचे डोळे भरून आले. "एक रात्र. चौतीस वर्षांत कधी एवढा उशीर केला नव्हता."

मी तिच्यापुढे स्टूल सरकवलं, ती बसली नाही.

मग तिने पदराने डोळे पुसले आणि आवाज चढवला. "म्हणजे ही गाडी तुमच्या हातची परत आलेली नाही. माझ्या हातची आलीय. तो पाना काढा खिळ्यावरून."

"शब्द तो शब्द," मामा म्हणाला.

"त्या शब्दात माझा हात कुठे होता?"

"गॅरेज माझं, चादर माझी."

"चादर माझ्या कपाटातली!"

दोन वर्षं जी बाई 'बंद करा' म्हणत होती ती 'चालू ठेवा' म्हणून भांडत होती, आणि जो माणूस 'चालू ठेवतो' म्हणत होता तो 'बंद करतो' म्हणून हटून बसला होता. मधल्या डब्याचं काम माझ्याकडे, म्हणून मी मधे पडले. "एक मिनिट. मामा, तुला चादर बदललेली कळलीच नाही? तुला? चहात साखर अर्धा चमचा कमी पडली तर कळतं तुला!"

मामाने कापड घेतलं. एक हात पुसला. दुसरा हात पुसला. प्रत्येक बोट वेगळं. माझा जीव नुसता टांगणीला.

"कळलं की," तो म्हणाला. "जाताना निळे पट्टे होते, आलो तर फुलं होती."

"मग मोजलं का नाहीस?"

"तिने बदलली होती ना." त्याने मामीकडे बघितलं. "दुसऱ्या कुणी हात लावला असता तर सगळं खोलून पुन्हा मोजलं असतं. तू लावलास, म्हणून नाही मोजलं."

मामी तिथल्याच स्टुलावर बसली. मला रडू आलं आणि मी ते अजिबात लपवलं नाही. मामीचंही तेच झालं होतं, पण तिच्या बाबतीत ते फार टिकत नाही. अर्ध्या मिनिटात ती ताडकन उठली.

"वेडे आहात का तुम्ही? माझ्यावरसुद्धा मोजायचं! आम्ही औषध भरलं की दुसरी येऊन बाटली बघायची, मग सही. सख्ख्या बहिणीने भरलेलं असलं तरी. विश्वास नाही म्हणून बघत नाही कुणी. पेशंट महत्त्वाचा म्हणून बघतात." ती दाराकडे गेली, टाचा उंचावून खिळ्यावरचा तो मोठा पाना काढला, दोन्ही हातांनी आणून मामासमोर धरला. "धरा. आणि मोजा. मी बघते."

मामाने पाना घेतला. त्याला किती वेळ लागला ते सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन मामीनेच केला. मी बाजूला उभी होते. सगळं सांगून झाल्यावर पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सिस्टर, मी एकदा भलत्याच बाजूला भूल दिली होती," बाई म्हणाल्या. "बिचारा उजव्या दाताचं सांगत होता, मी त्याचा डावा गाल बधिर करून मोकळी! तेव्हापासून मी आधी विचारते, मग पेशंटला बोट लावून दाखवायला सांगते. सावकाश होऊ द्या." शेवटचा शब्द त्यांनी मुद्दाम म्हटला की सहज, कोण जाणे.

डिफरन्शियलच्या दातांना काही झालं नव्हतं, बाईंनी आवाज येताच गाडी आणली म्हणून. या वेळी जुळवणी तिघांनी केली. मामा मोजायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. मामी वाकून काटा बघायची आणि तोच आकडा परत म्हणायची. शिमशेजारी चादरीवर तिने हॉस्पिटलच्या चिकटपट्टीचे तुकडे लावले, 'डावी' आणि 'उजवी', शेजारी बाण. मामा पुटपुटला, "अडतीस वर्षं असल्या चिठ्ठ्यांशिवाय..." आणि मामीने बघितल्यावर वाक्य तिथेच सोडलं. बाई भिंगाचा चष्मा आणि दवाखान्यातला निळा कागदही घेऊन आल्या. कागद यंत्राच्या दातांत टिकला नाही, फाटला, पण बाईंचा तेवढा हट्ट पुरा झाला. पिवळ्या रंगात डाग पहिल्याच फटक्यात मधोमध आला. रंग धुवायला खोललं, जोडलं, आणि पुन्हा मोजलं. दोघांनी.

डिफरन्शियल तापल्याशिवाय खरा आवाज कळत नाही, म्हणून गाडी लांब फिरवायची असते. नेहमी मामा एकटा जातो. त्या दुपारी त्याने पुढचं दार उघडून धरलं आणि मामीला म्हणाला, "चल. तुझ्या तळ्यापर्यंतचं अंतर बरोबर बसतं."

मी मागच्या सीटवर. ती सीट माणसांसाठी नसून पिशव्यांसाठी असते हे मला त्या दिवशी कळलं. गुडघे हनुवटीला टेकवून मी चाळीस किलोमीटर गेले. तळ्याकाठी आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. मामी त्या दोन खोल्यांकडे बघत होती. मामा म्हणाला, "येऊ की दर आठवड्याला. टेस्ट ड्राइव्ह इकडेच ठेवू." मामी म्हणाली, "तळं काही पळून जात नाही." आणि मामाचा गार झालेला चहा ओतून त्याला दुसरा गरम दिला.

परतताना मामाने खिडक्या बंद केल्या, वेग वाढवला, कमी केला, पाय काढला, पुन्हा दिला. मी कान टवकारून बसले होते. काहीच नाही. मला खात्री करून घ्यायची होती म्हणून पुढे वाकून म्हटलं, "मामी, वाजतंय का काही खालून?"

उत्तर आलं नाही. तिचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं, आणि हात मांडीवर सैल पडले होते. गाडीत मामीला झोपलेली मी पहिल्यांदा बघत होते. मामाने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

गॅरेजची गल्ली आली. माझे पाय कधीचे मेले होते, घरी फोन वाजत असणार होते, आणि डॉक्टरीणबाई दारात वाट बघत उभ्या होत्या. मामाने काचेतून त्यांना हात केला, गल्ली ओलांडली आणि गाडी सावकाश पुढच्या चकरेला नेली. मी काही बोलले नाही.